मांडवीचा (रत्नागिरी) फोटो: काय चुकलं?

कोथरूडची लेक
माझ्या आईचं माहेर रत्नागिरीत, मांडवीला. गुडघ्यांमुळे आता तिला एवढा प्रवास झेपत नाही. तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर मांडवीचा मोठा फोटो लावायचाय, तीन फूट रुंद तरी. डिसेंबरात त्यासाठी मुद्दाम आंबा घाट उतरून जाऊन आले. सूर्य छान बुडाला, पण पाणी वर आलेलं, त्यामुळे ओल्या वाळूत आभाळ उतरतं ते मिळालंच नाही. आणि काळी वाळू फोटोत राखेसारखी करडी. आई बघून म्हणाली, "ही कुठली चौपाटी?" फार लागलं मला ते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, लेन्स सोबत आलेली १८-५५. पुन्हा जायची तयारी आहे.

सिंहगड रोड
ट्रायपॉड न्याच, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ठेवा. थिबा पॉइंटवरूनही एक काढा, भाट्याची खाडी आणि पूल एका फ्रेममध्ये येतात.

मूळ मांडवी, सध्या धनकवडी
थिबा पॉइंट सुंदरच, पण ताईंच्या आईंना मांडवी हवी आहे. त्यांनी वाळूवरच उतरावं.

आधी वाळूचं. आमच्या वाळूत इल्मेनाइट हे काळं खनिज आहे म्हणून ती काळी. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं समजून उजेड मोजतो. काळं दिसलं की उजेड वाढवतो. तुमची वाळू तिथेच करडी झाली. एक्स्पोजर उणे १ करा, काळी येईल. (मिऱ्याकडच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर, ज्याला पांढरा समुद्र म्हणतात, याच्या उलट, अधिक करावं लागतं.)

आता पाणी. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तुम्ही अष्टमीच्या आसपास गेला असणार: सूर्यास्ताला भरती, तीही भांगाची, म्हणजे त्या दिवसांत ओहोटीलासुद्धा पाणी फार मागे जात नाही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुढे सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि उधाणाची म्हणून पाणी लांबवर जातं. वाळू अजून ओली असतानाच सूर्य खाली येतो. दुसऱ्या दिवशी हेच पाऊण-एक तास उशिरा, म्हणजे प्रतिपदाही चालेल. हा हिशोब ढोबळ आहे, निघण्यापूर्वी भरतीचं कोष्टक बघाच.

पौर्णिमा साधलीत तर सूर्य बुडताना मागे वळून बघा. त्याच सुमाराला जमिनीच्या बाजूने चंद्र वर येत असतो. लहानपणी आम्ही त्यासाठी समुद्राकडे पाठ करून बसायचो.

कोथरूडची लेक
कॅलेंडर काढून बघितलं, अष्टमीच होती! तीन फुटांची प्रिंट या कॅमेऱ्यातून निघेल का?

औंधकर
निघेल. आडवे ६००० पिक्सेल आहेत, ३६ इंचांना इंचामागे १६६ पडतात. पलंगावरून बघायला पुरेसे. क्षितिज मात्र जागेवरच सरळ करा, नंतर फिरवलं की कडा कापल्या जातात. आणि एसी खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर काढू नका, लेन्सवर दव धरतं. अर्धा तास बॅगेतच बाहेर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी थिबा राजवाडा बघा, १९१०चा आहे, जांभा तिरप्या उन्हात खुलतो.

कोथरूडची लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. मांडवीकर, आईला तुमचा हिशोब वाचून दाखवत होते. मी चतुर्थीपाशी अडखळले, तोवर तिने डोळे मिटून पुढचं म्हणून टाकलं: एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. हे तिला येतं, मला माहीतच नव्हतं. तारीख आता तीच काढतेय.