ई-बुकची वेगळी नोंद करायची की छापील नोंदीतच लिंक द्यायची?

नवी_ग्रंथपाल:
नमस्कार मंडळी. आमच्या ग्रंथालयाने ई-बुकांचा संच घेतलाय. विक्रेत्याने मार्क (आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या फील्डांचा संगणकीय साचा) नोंदींची फाइल पाठवली, पण तिच्यात कशाचा कशाला मेळ नाही. काही नोंदींत २४५ या शीर्षकाच्या फील्डच्या एच सबफील्डमध्ये (उपविभागात) ‘इलेक्ट्रॉनिक रिसोर्स’ आहे, काहींत ३३६, ३३७, ३३८ (आशय, माध्यम, वाहक) आहेत, तर काहींत दोन्ही. यातली बरीच पुस्तकं आमच्याकडे छापील आहेत. मग छापील नोंदीतच ८५६ (लिंकचं फील्ड) टाकून मोकळं व्हावं का? शिवाय काही पुस्तकं दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरही मिळतात. त्यांची तिसरी नोंद करायची?

तालिकाकार:
वेगळी नोंद करा, आणि प्लॅटफॉर्म कितीही असोत, ई-बुकसाठी एकच करा.

छापील नोंदीत नुसती लिंक घातली तरी ००८ (सांकेतिक माहितीचं फील्ड) आणि ३३८ सांगत राहतात की हे कागदावरचं पुस्तक आहे. वाचकाने ‘फक्त ऑनलाइन’ असा फिल्टर लावला की ते यादीत येतच नाही. पैसे मोजून घेतलेलं पुस्तक असूनही सापडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता त्या एच सबफील्डबद्दल. तो एएसीआर२ या जुन्या तालिकीकरण नियमांच्या काळातला शिक्का. सीडीवरचा नकाशा असो की वेबवरची कादंबरी, दोन्हींवर तोच. त्यातून आशय कळत नाही, माध्यमही धड कळत नाही. त्यानंतरच्या आरडीए नियमांनी हे वेगळं केलं: ३३६ मध्ये ‘मजकूर’, ३३७ मध्ये ‘कॉम्प्युटर’, ३३८ मध्ये ‘ऑनलाइन रिसोर्स’. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ पासून आरडीए लागू केलं. तेव्हा एच काढून टाका आणि तिन्ही फील्डं सगळीकडे भरा. ३०० या आकारमानाच्या फील्डमध्ये ‘१ ऑनलाइन रिसोर्स’ लिहून पानं कंसात द्या.

लीडरचं (नोंदीच्या सुरुवातीच्या सांकेतिक ओळीचं) सहावं स्थान मात्र ‘ए’च (मजकूर) ठेवा. ई-बुक म्हटलं की तिथे ‘एम’ टाकणारे बरेच भेटतात, पण तो कोड सॉफ्टवेअर, आकडेवारीच्या फाइली वगैरेंसाठी आहे. ऑनलाइनपणा ००८च्या २३व्या स्थानावरच्या ‘ओ’ने दाखवायचा, जोडीला ००६ आणि ००७ ही सांकेतिक फील्डं.

दुसरा प्लॅटफॉर्म आला तर त्याच नोंदीत आणखी एक ८५६ जोडा. विक्रेत्याचं नाव वर्णनात नको. पीसीसी या ग्रंथालयांच्या सहकारी तालिकीकरण कार्यक्रमाने २००९पासून ही प्रोव्हायडर-न्यूट्रल पद्धत धरली आहे. उद्या करार संपला तर तेवढी लिंक काढायची, नोंद शाबूत राहते.

संदर्भकक्ष:
तालिकाकार सर, पटतंय. पण नियतकालिकांसाठी छापील नोंदीतच ऑनलाइन आवृत्तीची लिंक देण्याची पद्धत कॉन्सरलाही (पीसीसीचा नियतकालिकांचा कार्यक्रम) मान्य आहे ना? माणसं कमी असतील तर पुस्तकांनाही तेच का नको?

तालिकाकार:
मान्य आहे, आणि जर्नलांचे अंक येत-जात असतात तिथे ते सोयीचंही पडतं. पण इथे फाइलमध्ये नोंदी आयत्याच मिळाल्यात, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. त्या छापील नोंदींत विलीन करायलाच जास्त वेळ जाईल.

नवी_ग्रंथपाल, फाइल लोड करण्यापूर्वी ०२० (आयएसबीएनचं फील्ड) उघडून बघाच. विक्रेत्याच्या फाइलमध्ये अनेकदा छापील आवृत्तीचा आयएसबीएन ए सबफील्डमध्ये असतो. तुमच्या कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये मॅचिंग रूल (जुळणीचा नियम) आयएसबीएनवर लावलेला असेल आणि जुळल्यावर नोंद बदलायची असं निवडलेलं असेल, तर ई-बुकची नोंद थेट छापील नोंदीवर चढते. मग कपाटातल्या प्रती ऑनलाइन पुस्तकाखाली लटकलेल्या दिसतात. छापील आयएसबीएन झेड सबफील्डमध्ये हलवा आणि दोन्ही नोंदी ७७६ने (दुसऱ्या स्वरूपाकडे नेणारं फील्ड) एकमेकींना जोडा.

नवी_ग्रंथपाल:
०२० पाहिलं, तसंच आहे! बऱ्याच नोंदींत छापील आयएसबीएन ए मध्येच आहे. आणि ८५६चा दुसरा इंडिकेटर (फील्डासोबतचा सांकेतिक आकडा)? फाइलमध्ये सरसकट १ आहे.

तालिकाकार:
ई-बुकच्या स्वतःच्या नोंदीत ०, कारण लिंक थेट त्याच पुस्तकावर नेते. १ म्हणजे त्याची दुसरी आवृत्ती, तो छापील नोंदीतून ई-बुककडे बोट दाखवताना. नुसती अनुक्रमणिका किंवा मुखपृष्ठ उघडत असेल तर सबफील्ड ३ मध्ये ‘अनुक्रमणिका’ किंवा ‘मुखपृष्ठ’ असं लिहा, नाहीतर वाचक पूर्ण पुस्तकाच्या आशेने क्लिक करतो. पहिला इंडिकेटर ४ (एचटीटीपी) ठेवा. मार्कएडिट या मार्क नोंदी बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं एका फटक्यात बदलता येईल. आधी थोड्या नोंदींवर करून बघा, मग पूर्ण फाइलवर.