मदत हवी आहे: अंगणातला अरेका पाम घरात आणला, पानं करपताहेत

नमस्कार मंडळी, मी भुसावळची. अंगणात वाढलेला कमरेएवढा अरेका पाम मार्चअखेरीस घरात घेतला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, मागच्या वर्षी त्याची पानं अक्षरशः भाजली होती. आता पूर्वेच्या खिडकीपाशी आहे, तरी शेंडे तपकिरी होताहेत आणि पानांमागे बारीक जाळी दिसते. लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीडच असावी. कोरड्या हवेत ती फार वाढते. पाणी बोअरचं, क्षाराचं, कुंडीवर पांढरा थर धरतो. रोज ओल्या फडक्यानं पानं पुसतेय. कडुनिंबाचं तेल लिटरला किती घालू? कुलरजवळ ठेवला तर ओलावा मिळेल की झोत बाधेल? सासूबाईंनी इवल्याशा रोपापासून वाढवलंय हो, कसंही करून वाचवायचंय.