कोंबडीच्या अंड्यावरचे प्रयोग: उंदीर वाचले, पण निकालाचं काय?

गोदाकाठ: 'उंदीर बंद करा, मराठवाड्यातल्या सगळ्या फार्मसी कॉलेजांनी कॅम अ‍ॅसे घ्यावा, अंडी स्वस्त, प्राणी-प्रयोग समितीची मंजुरी नको, दहा दिवसांत निकाल' हे परवाचं मत वाचून राहवलं नाही. कॅम, म्हणजे फलित अंड्यातल्या गर्भाभोवतीच्या पडद्यावर औषध ठेवून रक्तवाहिन्यांवरचा परिणाम बघायचा प्रयोग, चांगलाच आहे. पण तो पडदा उबवणीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी तयार होतो आणि दहाव्या दिवसापर्यंत त्यात रक्तवाहिन्या आपोआपच झपाट्यानं वाढतात. आठव्या दिवशी अर्काची चकती ठेवून दहाव्या दिवशी 'वाहिन्या वाढल्या' म्हणायचं, आणि ज्यात अर्क विरघळवला त्या नुसत्या द्रावकाची चकती ठेवलेली अंडी तुलनेला नाहीतच! अर्क आम्लधर्मी किंवा फार दाट असला तरी वाहिन्या आकसतात, आणि गाठीला वाढायला नव्या वाहिन्या लागतात म्हणून प्रबंधात लागलीच 'कर्करोगरोधक' छापून येतं. कवचाचा एक कण पडद्यावर पडला की त्याच्याभोवतीही वाहिन्या चाकाच्या आऱ्यांसारख्या जमतात. औषधाचा परिणामही हुबेहूब तसाच दिसतो.

बालाघाट_७: सर, तुम्ही पोरांना उगाच घाबरवायलात. कण पडतो कारण पडदा दिसावा म्हणून कवचाला पाडायची खिडकी घाईत कापतात. ७२ तासांनी टोकदार बाजूनं २१ गेजची सुई तिरपी घालून २-३ मिली पांढरं काढा, म्हणजे गर्भ कवचापासून खाली बसतो. वर सेलोटेप चिकटवून टेपसकट कापा, चुरा टेपलाच राहतो. नंतर खिडकी पक्की बंद करा, नाहीतर पडदा सुकतो. आणि डोळ्यांची जळजळ तपासायला तर नवव्या दिवसाचं अंडं घेऊन पडद्यावर ०.३ मिली द्रव टाकायचा आणि ३०० सेकंद बघायचं: रक्तस्राव, वाहिन्या विरघळणं, गोठणं. सोबत तुलनेला नक्की जळजळ करणारं ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि न करणारं ०.९ टक्के सलाइन. सशाच्या डोळ्यात रसायन घालण्यापेक्षा हे लाखपटीनं बरं. १९११ साली राउस आणि मर्फी यांनी याच पडद्यावर गाठ वाढवली होती. शंभर वर्षांहून जुनी पद्धत तुम्ही कामून मोडीत काढायलात?

गोदाकाठ: मोडीत कोण काढतंय? नियंत्रण गट, म्हणजे नुसत्या द्रावकाची अंडी, मागतोय.

धाराशिवकर: हॅचरीवाले कमी संख्येत अंडी देत नाहीत, हे कोणीच बोलत नाही. आठवडी बाजारातून गावरान आणली तर काय बिघडतं? फलित तर असतात.

बालाघाट_७: सगळं बिघडतं. कोणत्या दिवशी घातलेलं, माहीत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीत ३५ अंश असतात. गर्भ साधारण २०-२४ अंशांच्या वर हलके हलके वाढू लागतो आणि इनक्युबेटरात जायच्या आधीच अर्धवट मरतो. तुमचा 'दिवस शून्य' प्रत्येक अंड्याचा वेगळा. तपकिरी कवचातून कॅन्डलिंगला, म्हणजे उजेडासमोर अंडं धरून आत बघतानाही, नीट दिसत नाही.

धाराशिवकर: म्हणजे गावरान कोंबडी खायलाच चांगली, विज्ञानाला नको? हॅचरीची अंडीही टेम्पोत उन्हात तापतात, ती चालतात!

बालाघाट_७: तीही चालत नाहीत. १५-१८ अंशांवर ठेवलेली, सात दिवसांच्या आतली घ्या. गावरानच हवी असतील तर ओळखीच्या घरची, घातल्याची तारीख पेन्सिलीनं लिहिलेली. एवढं मान्य करतो, त्यापुढे नाही.

धाराशिवकर: हेच आधी सांगायचं. तारीख लिहून घेऊ. तपकिरी कवचाला अंधाऱ्या खोलीत जोराचा टॉर्च लावला की पाचव्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या वाहिन्या दिसतात.

उदगीर_पशुवैद्य: लोडशेडिंगचं बोला. वीज गेली की दार उघडून बघू नका, तासाभराचा गारवा गर्भ सोसतो. वीज आल्यावर थर्मोस्टॅट उसळून ४० च्या वर गेला तर मात्र ट्रेच्या ट्रे जातो. ३७.५ अंश आणि ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, दोन्ही मोजणारा वेगळा मापक आत ठेवा. आणि 'मंजुरी नको' हे इतक्या सहज लिहू नका. आपल्या संस्थेत विचारा. प्रयोग बाराव्या दिवसाच्या आत थांबवा. नंतर गर्भाची प्रतिकारशक्ती जागी होते आणि पडद्यावर माणसाच्या पेशी लावल्या असतील तर त्यांच्यावर हल्ला होऊ शकतो. शेवटी अंडी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. जिवंत गर्भ उकिरड्यावर फेकणं मला सहन होत नाही.

गोदाकाठ: फ्रीझरचं पटलं, टेपचंही. गटामागे पंधरा अंड्यांनी सुरुवात करून दहा जिवंत उरली पाहिजेत, यावर मात्र मी हटणार नाही. मेलेली किती, तो आकडा तक्त्यात हवा, आणि कोणत्या गटात कोणतं अंडं आहे हे वाहिन्या मोजणाऱ्याला कळता कामा नये.

बालाघाट_७: पंधरा अंडी प्रत्येक गटाला, पाच गट. एवढी एका ट्रेत मावत नाहीत. दोन खेपा कराव्या लागतील.

गोदाकाठ: मग दोन करा, आणि प्रत्येक खेपेत द्रावकाचा गट ठेवा.