पोलीस, पुढारी आणि गुंडांचं साटंलोटं: शिपाई एकटाच दोषी?

म्हापशेकर:
डिसेंबर २०२४ मधे जमीन हडप प्रकरणातला आरोपी गोव्यात रायबंदरच्या क्राईम ब्रांच कोठडीतून पळाला, आणि साथ कोणाची तर पहाऱ्यावरच्याच आयआरबी (इंडिया रिझर्व्ह बटालियन, म्हणजे पोलिसांचंच राखीव दल) शिपायाची, थेट हुबळी गाठली. एकटा शिपाई एवढं धाडस करेल? मला नाय पटत.

फोंड्याचा_मास्तर:
गुन्हेगार, पुढारी आणि अधिकाऱ्यांच्या साट्यालोट्यावर केंद्राने नेमलेल्या वोहरा समितीने १९९३ लाच सगळं लिहून ठेवलंय हो, मुंबई बॉम्बस्फोटांनंतर. तो अहवाल संसदेत ठेवायला मात्र १९९५ उजाडलं! आपल्याकडे २०१० ला ड्रग्ज प्रकरणात पोलीसच निलंबित झाले, आरोप काय तर मालखान्यातला (पोलिसांची जप्त वस्तू ठेवायची खोली) जप्त माल परत बाजारात विकला म्हणे. सील केलेलं पाकीट, नोंदवही, चावी, सगळं पोलिसांच्याच ताब्यात, मग बाहेरचा चोर कशाला लागतो? राग येतो अक्षरशः.

डिचोलीकर_ताई:
मास्तर, खरी मेख बदल्यांमधे आहे. पुढाऱ्याला नको असलेला पीआय (पोलीस निरीक्षक) रातोरात हलवतात, म्हणून सुप्रीम कोर्टाने २००६ ला प्रकाश सिंग खटल्यात ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षं द्या म्हणून सांगितलं. तुमच्या ठाण्यात पीआय किती महिने टिकला ते आरटीआयने विचारा, मी अर्जाचा नमुना टाकते.

म्हापशेकर:
टाका ताई, सोमवारीच देतो.