इंजिनाखालचं रबर झिजतं की बसतं?

अर्धविराम

छोट्या विमानांच्या देखभालीवर मराठीत एक लांबलचक लेख लिहायला घेतलाय, दोन-चार माणसं मावतात ती पंख्याची विमानं, ४ सिलिंडरचं इंजिन वगैरे. एका वाक्यापाशी दोन दिवस अडलेय. इंजिनाखाली जी रबरं असतात ती कधीकधी फार लवकर खराब होतात, त्याला मी लिहिलं ‘रबरी माउंट्सची अकाली झीज’. लिहिलं आणि मलाच ते परिपत्रकासारखं वाटायला लागलं. ‘अकाली’ म्हटलं की पुढे डोक्यात निधनच येतं. आणि झीज म्हणजे घासून घासून कमी होणं ना? चप्पल झिजते, पायरी झिजते, सहाणेवर चंदन झिजतं. हे रबर तर जागच्या जागीच खराब होतं. शिवाय माउंटला काय म्हणायचं? आधार, टेकू, बैठक, कंपशोषक? सुचवा काहीतरी, पण वाचणाऱ्याला वस्तू दिसली पाहिजे.

उगाच

‘कंपशोषक’ वाचून मलाच कंप सुटला. उशी म्हणा की. इंजिन उशीवर डोकं टेकून धडधडतंय, दिसलं ना चित्र?

पाना नंबर १३

मी याच कामात आहे म्हणून लिहितो, भाषेचं मला फारसं कळत नाही. पहिली गोष्ट, इंजिनाखालची नाही, बहुतेक विमानांत मागची. इंजिन फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या भिंतीच्या, पुढे लटकलेलं असतं, टेकलेलं नसतं. काही कॉन्टिनेंटल कंपनीची इंजिनं पाय टेकून बसतात, त्यांना खालची म्हणा हवं तर, पण लायकमिंग कंपनीच्या नेहमीच्या ४ सिलिंडरवाल्यांना मागे चार कोपऱ्यांत चार माउंट असतात. त्यामुळे उशी हा शब्द मला पटला नाही, उशीवर फक्त दाब येतो. इथे खालच्या दोन जागी इंजिन मागे रेटतं आणि वरच्या दोन जागी पुढे ओढतं, कारण सगळं वजन पुढे लोंबकळतंय.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘माउंट’ या शब्दातच घोळ आहे. फायरवॉलवर स्टीलच्या नळ्यांची जी चौकट असते तिलाही इंजिन माउंट म्हणतात आणि चौकट न् इंजिन यांच्या मधल्या रबरांनाही माउंटच म्हणतात. एकदा फोनवर मला कोणीतरी सांगितलं ‘माउंटला क्रॅक आहे’, मी हातातलं टाकून धावत गेलो, बघतो तर रबराच्या कडेला केसाएवढ्या भेगा. चौकटीला क्रॅक असता तर विमान तिथेच उभं करायला लागलं असतं. तेव्हा लेखात काहीही करा, पण दोन वस्तूंना दोन शब्द ठेवा. मी चौकट आणि रबर म्हणतो, झालं काम. मोटारवाले ‘फाउंडेशन’ म्हणतात ते विमानात कोणी म्हणत नाही.

जुनी वही

झीज या शब्दावर थोडा अन्याय होतोय. घासणं हा त्याचा मूळ अर्थ नाही. संस्कृत ‘क्षि’ धातू, क्षीयते, त्याचं प्राकृतात झिज्जइ आणि मराठीत झिजणे. म्हणजे क्षय आणि झीज ही एकाच घरातली, एक सोवळ्यात राहिलं आणि दुसरं स्वयंपाकघरात आलं एवढंच. मूळ अर्थ कमी होणे, क्षीण होणे. म्हणून तर माणूस आजाराने झिजतो, आई मुलांसाठी झिजते, तिथे कोण कुठे घासतंय? उंबरे झिजवणे, जोडे झिजवणे हे घासण्याकडे झुकलेले प्रयोग आहेत, पण तेवढ्यावरून शब्द बाद करू नका. ‘रबराची झीज’ व्युत्पत्तीने पूर्ण बरोबर आहे.

आता विषय रबराचा आहे म्हणून अवांतर. इंग्रजीत रबर हे नाव पडलं तेच मुळी घासण्यावरून. १७७० साली जोसेफ प्रीस्टलीने नोंद केली की हा पदार्थ पेन्सिलीच्या खुणा पुसायला उत्तम, आणि घासून पुसणारा तो रबर. आपण त्यापुढे ‘खोड’ जोडून खोडरबर केलं, म्हणजे खोडणारा खोडणारा. मग त्याच पदार्थाची झीज म्हणायला काय हरकत!

उगाच

खोडणारा खोडणारा!! इतकी वर्षं वापरला, कधी लक्षात आलं नाही.

अर्धविराम

जुनी वही, व्युत्पत्ती एकदम मान्य. पण यंत्राबद्दल लिहिताना वाचणाऱ्याच्या डोक्यात आज काय येतं? ‘बेअरिंगची झीज’, ‘टायरची झीज’, म्हणजे घासणंच. रबराची झीज लिहिलं तर तो रबर किती पातळ झालंय ते मोजायला जाईल आणि ते तर फुगून जाड झालेलं असेल :) पाना, तुम्ही कामावर असताना काय म्हणता? म्हणजे काढल्यावर हातात घेऊन, ‘हे ...लं’, त्या रिकाम्या जागी काय?

पाना नंबर १३

हा प्रश्न आवडला. एकच शब्द नाही हो. काय झालंय त्यावर आहे, आणि खरं सांगायचं तर नुसतं क्रियापद ऐकूनच आम्हाला कारण कळतं.

‘बसलं’, हे सगळ्यात जास्त. वजनाखाली राहून राहून रबर दबतं आणि परत वर येत नाही. इंजिनाचं नाक खाली येतं, स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोपी) आणि काउलिंग (इंजिनावरचं झाकण) यांच्यातली फट खाली कमी नि वर जास्त दिसायला लागते. लांबून बघितलं तरी कळतं, पंख्याचं तोंड पडल्यासारखं दिसतं. हे वयाने होतंच, पण लवकर झालं तर आधी मांडणी बघायची. काही सेटमध्ये एका माउंटच्या दोन चकत्या कमीजास्त कडक असतात, कडक चकती दाबाच्या बाजूला जायला हवी, आणि वर सांगितलं तसं वरच्या माउंटला दाब ज्या बाजूने येतो त्याच्या उलट बाजूने खालच्याला येतो. चारही जागी एकसारखी मांडणी केली की दोन जागी मऊ चकतीवर भार येतो आणि ती बिचारी बसते. मग लोक म्हणतात माल खराब.

‘फुगलं’ म्हणजे तेल. नैसर्गिक रबराला खनिज तेल अजिबात चालत नाही, पिऊन फुगतं, मऊ पडतं, नखाने ओरखडा काढला तर लगदा निघतो. निओप्रीन, म्हणजे एक कृत्रिम रबर, त्यामानाने तेलाला पुष्कळ दाद देत नाही. रबर फुगलेलं दिसलं की रबराकडे बघायचंच नाही, वर बघायचं, गळती कुठून येतेय. तीच गोष्ट इंजिन धुताना, मागचापुढचा विचार न करता सगळीकडे सॉल्व्हंट मारायचं आणि मग रबर टिकत नाही म्हणायचं.

‘तडकलं’ किंवा ‘करपलं’ म्हणजे उष्णता आणि हवा. खालच्या माउंटजवळून एक्झॉस्टचा पाइप गेलेला असेल तर तेवढं एकच रबर कडक, चकचकीत, भेगाळलेलं आणि बाकी तीन ठीक. हवेतल्या ओझोननेही ताणलेल्या रबराला भेगा पडतात, विमान वर्षभर न उडता उभं असलं तरी पडतात. म्हणून कमी तास उडालेल्या विमानाची रबरं चांगलीच असतील असं नसतं.

‘सुटलं’ म्हणजे धातूला चिकटवलेलं रबर पट्टीपासून वेगळं झालं. हे सगळ्यात फसवं, वरून रबर धडधाकट. पहारीने हळूच उचकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

आणि ‘मेलं’. रबर मेलं म्हणजे वरून काही नाही पण जीव गेला, दाबलं तर परत येत नाही, टणक. हे लेखात लिहा न लिहा, पण सगळे म्हणतात.

झीज मात्र होते बरं का, रबराची नाही, बाकीच्यांची. इंजिन खाली आलं की काउलिंग घासतं, एक्झॉस्टचा पाइप कुठेतरी टेकतो, बॅफलच्या, म्हणजे इंजिनाभोवती हवा वळवणाऱ्या, पट्ट्या घासतात. रबर बसतं आणि शेजारी झिजतात.

जुनी वही

माघार. इतकी क्रियापदं जिवंत असताना तिथे एक नाम आणून बसवणं हा मराठीचा अपमान झाला असता आणि तो मी करायला निघालो होतो. ‘करपणे’ रबराला वापरतात हे माहीत नव्हतं, आजवर माझ्या लेखी फक्त भाकरी, पीक आणि माणसाचं मन करपत होतं.

उगाच

पण ‘बसलं’ धोक्याचं आहे. ‘नवीन रबर नीट बसलं का?’ ‘हो, बसलं.’ आणि सहा महिन्यांनी ‘रबर बसलं का?’ ‘हो, बसलं.’ पहिल्यांदा पेढे आणि दुसऱ्यांदा बिल.

पाना नंबर १३

हा हा, खरंय. बोलताना सुरावरून कळतं, कागदावर नाही कळणार. लिहिताना ‘दबलं’ लिहा मग.

अर्धविराम

दबलं छान आहे, ‘कायमचं दबलं’. आता ‘अकाली’चं काय? वेळेआधी, मुदतीआधी, आयुष्य भरायच्या आत? पण मुळात याची वेळ ठरलेली असते का?

पाना नंबर १३

तसं घड्याळ लावून नसते. इंजिनाला ओव्हरहॉलचे, म्हणजे पूर्ण उघडून नवं करण्याचे, तास असतात, लायकमिंगच्या अनेक ४ सिलिंडर इंजिनांना २००० तास, आणि ओव्हरहॉलला इंजिन उतरवलं की रबरं नवीन टाकायची अशी रीत. मधल्या काळात हालत बघून. तेव्हा लवकर म्हणजे कशाच्या मानाने, तर पुढच्या ओव्हरहॉलच्या मानाने.

आणि त्या २००० तासांत ते काय सोसतं तेही लेखात घाला, लोकांना रबर म्हणजे किरकोळ वाटतं. ४ सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट. २४०० आरपीएमला सेकंदाला ४० फेरे, म्हणजे ८० धक्के. २००० तासांचे होतात ५७ कोटी ६० लाख. पण गंमत म्हणजे हे धक्के त्याला फारसे जड जात नाहीत, जड जातं ते सुरू करतानाचं आणि बंद करतानाचं हलणं. फेरे कमी असले की धक्क्यांचा ठेका इंजिनाच्या स्वतःच्या झुलण्याच्या ठेक्याजवळ येतो आणि सगळं इंजिन गदागदा हलतं. आयडल, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवल्यावरचे फेरे, फार खाली लावून ठेवलं की तेच. पंख्याचा तोल गेलेला असला तर मग उडतानाही सुटका नाही, तो बॅलन्स न करता नवीन रबरं टाकली तर तीही त्याच वाटेने जातात.

उगाच

झुलणं, हलणं, थरथरणं, गदगदणं, हादरणं... व्हायब्रेशनला एक शब्द शोधणारे लोक कुठे गेले?

जुनी वही

ते ‘कंपन’ लिहून जेवायला गेले. थरथर बारीक आणि भरभर, गदगदणं मोठं आणि सावकाश. पाना यांनी आयडलला ‘गदागदा’ वापरलं आणि उडताना नाही, हे आपसूक झालं असेल पण अगदी अचूक आहे.

अकाली काढून टाका. ‘टिकत नाही’ हे साधं नकारार्थी क्रियापद आहे आपल्याकडे, त्यात वेळेआधी हे येऊनच जातं. कापड टिकत नाही म्हटलं की कोणी विचारत नाही किती दिवस.

अर्धविराम

लिहिलं, बघा. ‘चौकट आणि इंजिन यांच्या मधली रबरं कधीकधी पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत टिकत नाहीत. तेलाने फुगतात, एक्झॉस्टच्या धगीने करपतात, चकत्या उलट लागल्या तर दबतात. रबर दबलं की इंजिनाचं नाक खाली येतं आणि काउलिंग झिजायला लागतं.’ झीज राहिली शेवटी, पण हक्काच्या जागी. शीर्षकातलं ‘इंजिनाखालचं’ पण ‘इंजिनामागचं’ करते.

पाना नंबर १३

बरोबर. फक्त ‘धातूपासून सुटतात’ पण घाला, तेच लोक बघत नाहीत.