टीआयआर डोमेन नुसता सांधा नाही

टीआयआर डोमेन (अनेक प्रथिनांत आढळणारा एक ठराविक भाग) म्हणजे प्रथिनांना एकमेकांशी जोडणारा सांधा, त्याला स्वतःचं काम नाही, असं पुष्कळदा म्हटलं जातं. टोल-सदृश रिसेप्टरांपुरतं (रोगजंतू ओळखणारी प्रथिनं) ते ठीक, पण सगळ्या कुळाला लागू होत नाही. २०१७ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने सार्म-१ या चेतापेशीतल्या प्रथिनाचा फक्त टीआयआर तुकडा वेगळा काढून एनएडी या पेशीच्या ऊर्जाव्यवहाराला लागणाऱ्या रेणूसोबत ठेवला, तर त्याने एनएडी तोडलं! शुद्धीकरणात दुसरं एखादं एन्झाइम चुकून सोबत आलं असेल, ही शंका साहजिकच. म्हणून त्यांनी तो तुकडा पेशींविना, नळीतही बनवून पाहिला. ६४२व्या जागेवरचं एकच ग्लुटामेट (प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल) बदललं की क्रिया थांबते आणि चेतापेशीचा दुखावलेला लांब तंतू म्हणजे अ‍ॅक्झॉनही बराच काळ टिकतो.

मला खरं मोल वाटतं ते पुढच्या दोन वर्षांचं. जिवाणूंच्या प्रथिनांतल्या आणि मग वनस्पतींच्या रोगप्रतिकारक प्रथिनांतल्या टीआयआरमध्येही हेच काम सापडलं. वनस्पतींत त्याच्या जोडीचं ग्लुटामेट बदललं, की संसर्ग रोखण्यासाठी पेशी स्वतः मरतात ती प्रतिक्रियाच होत नाही. त्यामुळे नव्या प्रथिनात टीआयआर दिसला, तर आधी ते ग्लुटामेट शोधा आणि एनएडीची चाचणी लावा.