मदत हवी आहे: पामेरियनला बशीतला चहा चालतो का?

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आमच्या साडेतीन किलो वजनाच्या पामेरियनला सासूबाई रोज सकाळी बशीत उरलेला घोटभर चहा (वर बिस्किटाचा तुकडा बुडवून!) प्रेमाने पाजतात. कॅफीन कुत्र्यांना बाधते आणि किलोमागे साधारण २० मिलिग्रॅमपासून उलट्या, अस्वस्थता, धडधड दिसू लागते, हे मला ठाऊक आहे. घोटभर चहात तेवढे नसते, पण काल त्याने टेबलावरची अर्धा मग कडक कॉफी चाटून संपवली आणि रात्रभर धापा टाकत तो घरभर फिरत राहिला. आज तो शांत आहे. तरीही त्याला डॉक्टरांकडे न्यावे का, आणि "इतकी वर्षे पितोय, काय झाले?" असे विचारणाऱ्या सासूबाईंना काय सांगावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.